किती देते? जर्मनीतले सहा दिवस, एक मामा आणि एक भाची

पहिला दिवस : मानहाइम ते फोर्झहाइम

गाडी बुक केली होती छोटी. काउंटरवरच्या माणसाने हसतमुखाने चावी पुढे केली आणि सांगितलं, तुम्ही मागितलेल्यातली एकही शिल्लक नाही, म्हणून त्याच पैशात मोठी देतोय. बाहेर जाऊन बघतो तर पावणेदोन टनांचं एसयूव्हीचं धूड. स्पोर्ट्स कारच्या पंढरीला निघालेल्या वारकऱ्याला हत्तीवर बसवल्यासारखं झालं. भाची म्हणाली, "हत्ती फुकट मिळालाय मामा, चारा मात्र तुलाच घालायचाय."

भाची तीन वर्षं इथे पर्यावरण अभियांत्रिकी शिकतेय. तिचं नाव लिहायचं नाही या अटीवर ती आली. दुसरी अट, तिची बाजूही लिहायची. मला शाळेपासून स्पोर्ट्स गाड्यांचं वेड. वह्यांच्या मागच्या पानांवर पोर्शे ९११ काढण्यात माझा भूगोल गेला. इंधनाचे भाव आणि धूर यांवरून आमच्या घरच्या प्रत्येक जेवणात वाद होतो, आणि तो मी बहुतेक वेळा आवाज चढवून जिंकतो. म्हणून ठरलं की हा वाद जिथून सुरू झाला तिथे जाऊन एकदा काय ते भांडून घ्यावं.

सुरुवात मानहाइमहून. कार्ल बेंझने मोटारगाडीचं पेटंट मागितलं २९ जानेवारी १८८६ रोजी, पण ती गाडी काय कामाची हे दाखवलं त्याच्या बायकोने. ऑगस्ट १८८८मध्ये बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन तीनचाकी गाडीतून माहेरी, फोर्झहाइमला निघाली. शंभरेक किलोमीटर. तेव्हा पेट्रोल पंप नावाची वस्तूच नव्हती. कपड्यांवरचे डाग काढायला औषधांच्या दुकानात 'लिग्रोइन' नावाचं द्रव मिळायचं, त्यावर गाडी चाले. विस्लोख गावच्या दुकानात तिने ते घेतलं. दुकानाची वास्तू अजून उभी आहे आणि जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवते.

आम्ही दुकानासमोर बराच वेळ उभे होतो. मी भारावून, भाची हिशेबात.

"तिने भाव विचारला असेल?"

"विचारून करणार काय? दुसरीकडे कुठे मिळत होतं?"

"म्हणजे पहिल्या दिवसापासून हेच आहे तर."

इंधनाची नळी तुंबली तेव्हा बेर्थाने टोपीची पिन घालून ती साफ केली. एका तारेला वेष्टण हवं होतं, तिथे मोज्याचा पट्टा कामी आला. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं. चढावर मात्र उतरून ढकलावं लागलं, आणि म्हणून पुढे कार्लने आणखी एक गिअर दिला. टेस्ट ड्राइव्ह म्हणतात ती ही. त्या गाडीचा वेग ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास. आमचा हत्ती त्याच चढावर दुसऱ्या गिअरमध्ये फुसफुसत होता. भाचीने स्क्रीनवरचा मायलेजचा आकडा मोठ्याने वाचला. त्या वेळी घाटात कोणीही वाचायला नको असा तो आकडा होता.

दुसरा दिवस : श्टुटगार्ट, वरून खाली

मर्सिडीजच्या म्युझियममध्ये लिफ्टने थेट वरच्या मजल्यावर नेतात आणि मग गोल गोल उतरत १८८६पासून आजपर्यंत आणून सोडतात. लिफ्टचं दार उघडलं की समोर पहिला येतो घोडा. चांगला विनोद आहे, कंपनीने स्वतःवरच केलेला.

इथे भाचीने एक खेळ सुरू केला. मी ज्या गाडीपुढे हात जोडून थांबेन तिथे ती यायची आणि विचारायची, "किती देते?" लग्नात नव्या गाडीभोवती जमलेले काका विचारतात ना, अगदी त्याच सुरात.

३०० एसएल. १९५४. पंखांसारखी वर उघडणारी दारं. किती देते?

मी तिला दारांची गोष्ट सांगितली. ती दारं दिखाव्यासाठी केलेली नाहीत. वजन वाचवायला बारीक नळ्या जोडून सांगाडा केला, तो मजबूत राहावा म्हणून बाजूने उंच ठेवावा लागला. त्यामुळे नेहमीचं दार बसेना, म्हणून ते छतातून उघडलं. एसएल म्हणजे 'सुपर-लाइख्ट', अतिहलकी. शिवाय पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं इंजेक्शन रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या फोर-स्ट्रोक गाडीत पहिल्यांदा आलं ते इथेच. भाची म्हणाली, हे तंत्र आता साध्या घरगुती गाड्यांत पेट्रोल वाचवायला वापरतात. "मग वेगवाल्यांनीच शोधलं की नाही?" मी म्हणालो. तिने मान डोलावली. एक-शून्य.

पुढे सी१११. ही माझी दुखरी जागा. १९६९ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आली तेव्हा श्रीमंत लोकांनी म्हणे कोरे चेक पाठवले होते, आकडा तुम्हीच टाका म्हणून. आत वँकेल इंजिन होतं, पिस्टनऐवजी गरगरणारा तिकोनी रोटर. लहान, हलकं, गुळगुळीत, पण पेट्रोल असं प्यायचं की बस, आणि धूरही घाण. गाडी विकायला कधी आलीच नाही. १९७३चं तेलसंकट आलं आणि कंपनीने त्याच गाडीत डिझेल बसवलं, टॅक्सीत असतं तसलं, पाच सिलिंडरचं, टर्बो लावून १९० अश्वशक्तीपर्यंत आणलेलं. १९७८ साली त्या कुळातल्या तिसऱ्या गाडीने, अंग पार सपाट आणि लांब करून, इटलीतल्या नार्दोच्या गोल ट्रॅकवर बारा तास सलग ३१४च्या वर सरासरी राखली.

"किती देते?"

"शंभर किलोमीटरला सोळा लिटर. म्हणजे लिटरला सहाच्या वर. तीनशेच्या वेगात."

भाची गप्प. मग म्हणाली, "आपला हत्ती काल घाटात यापेक्षा कमी देत होता."

संध्याकाळी तिची पाळी. म्युझियमपासून तीन-चार किलोमीटरवर बी१४ रस्त्यावर आम नेकारटोर नावाचा चौक आहे. दिसायला काहीच नाही. रहदारी, सिग्नल आणि कडेला एक डबा, हवा मोजायचा. हा डबा जर्मनीत मर्सिडीजच्या चांदणीइतका प्रसिद्ध आहे. २०१६ साली इथल्या हवेत नायट्रोजन डायऑक्साइडची वर्षाची सरासरी घनमीटरमागे ८२ मायक्रोग्रॅम होती, मर्यादा ४० असताना. रस्त्याकडेला शेवाळाची शंभर मीटर भिंतसुद्धा उभारून पाहिली, ते धूळ खाईल म्हणून. शेवाळाने काही मनावर घेतलं नाही. शेवटी १ जानेवारी २०१९पासून जुन्या डिझेल गाड्यांना शहरातच बंदी आली. मोटार जिथे वाढली त्याच शहरात!

मी म्हणालो, हे सगळं डिझेलचं पाप, माझ्या स्पोर्ट्स गाड्या पेट्रोलच्या. तिने कबूल केलं, आणि मग समजावलं. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन मोजून मापून जळतं, त्यामुळे सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नायट्रोजनचे विषारी वायू मोडून टाकतो. डिझेलमध्ये हवा जास्तच असते, तिथे तो तसा चालत नाही, वेगळा उपाय आणि वेगळा खर्च लागतो. तो खर्च टाळून चाचणीपुरता धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर फोक्सवॅगनने घातलं आणि सप्टेंबर २०१५मध्ये अमेरिकेत ते उघडं पडलं.

"पण मामा, कार्बन डायऑक्साइडला कन्व्हर्टर नाही. जेवढं पेट्रोल तेवढा तो. तिथे तुझी सुटका नाही."

एक-एक.

तिसरा दिवस : झुफेनहाउजन, श्टुटगार्ट

लोकल स्टेशनचंच नाव नॉयवर्टसहाउस, कंसात पोर्शेप्लाट्झ. बाहेर आलं की पोर्शेचं म्युझियम तीन खांबांवर तोलून धरल्यासारखं दिसतं. त्याच्या पोटाखालून चालताना मान आपोआप वर होते.

मला वाटलं होतं पहिल्या गाडीशी मी रडेन. तिथे उभी होती १८९८ची बग्गी, पांढरपेशा घोडागाडीसारखी, आणि विजेवर चालणारी. तरुण फर्डिनांड पोर्शेचा हात लागलेली. भाचीचा चेहरा असा फुलला की बघत राहावं. "मामा! पहिली पोर्शे इलेक्ट्रिक!" मी फलक वाचून काढला. एकूण वजन १३५० किलो, त्यातली बॅटरीच ५०० किलो. एका चार्जवर सुमारे ८० किलोमीटर. सव्वाशे वर्षांपूर्वीही दुखणं तेच, बॅटरी उचलण्यातच निम्मा जीव जातो.

आणि मग ३५६ क्रमांक एक. १९४८. ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावात, युद्धानंतरच्या टंचाईत, फोक्सवॅगनचे सुटे भाग जुळवून बांधलेली उघडी, चंदेरी, साबणाच्या वडीसारखी गाडी. पुढून बघा, मागून बघा, हाताला टोचेल अशी एक कड नाही. इंजिन ११३१ सीसी, ताकद ३५ अश्वशक्ती. पस्तीस! तरी ताशी १३५पर्यंत जायची. कारण तिचं वजन ५८५ किलो.

मी त्या आकड्यापाशी अडकलो. ५८५. आमच्या हत्तीचा तिसरा हिस्सा. इतकी वर्षं मी ताकदीचे आकडे पाठ केले, चारशे, पाचशे, सातशे, आणि वजनाच्या रकान्याकडे कधी बघितलंच नाही. १९६४च्या ९११चं वजन हजारच्या थोडं वर होतं. आजची साधी ९११ दीड टन. समोरच उभी टायकान, विजेची, याच कारखान्यात २०१९पासून बनणारी, सव्वादोन टनांच्या घरात. वाद पेट्रोल की वीज असा चाललाय आणि गाडी मात्र दोन्हीकडे गुपचूप सुटत चाललीय, लग्नानंतरच्या नवऱ्यासारखी. (यावर भाचीने माझ्या पोटाकडे पाहिलं. त्याची नोंद करतो आणि पुढे जातो.)

हलकी गाडी कमी पिते आणि वळणात जास्त मजा देते. शौकीन आणि पर्यावरणवाले यांचं भांडण लागण्याचं कारणच नव्हतं. ते लागलं गाड्या जाड झाल्यावर. आणि जाड का झाल्या? अपघातातली सुरक्षा हे एक खरं कारण, ते मी मान्य करतो. पण दुसरं कारण ग्राहक. २०२३ साली पोर्शेने जगभर साधारण तीन लाख वीस हजार गाड्या दिल्या. त्यात ९११ पन्नास हजारांच्या आसपास, आणि कायेन व माकान या दोन एसयूव्ही मिळून पावणेदोन लाख. भिंतीवर पोस्टर ९११चं, पैसे भरतात हत्तीचे.

दुपारी कॉफीवर ई-फ्युएलचा विषय निघाला. २०२३मध्ये युरोपीय संघाने ठरवलं की २०३५पासून नव्या मोटारींतून कार्बन डायऑक्साइड शून्य. ऐन वेळी जर्मनी अडून बसली, हवेतला कार्बन आणि पाण्यातला हायड्रोजन जोडून केलेल्या इंधनावर चालणाऱ्या गाड्यांना वाट ठेवा म्हणाली. पोर्शेने त्यात पैसे घातलेत. चिलीच्या दक्षिण टोकाला, जिथे वारा थांबतच नाही, पवनचक्कीच्या विजेवर असं पेट्रोल करणारा प्रायोगिक कारखाना डिसेंबर २०२२मध्ये सुरू झाला. सुरुवातीचं लक्ष्य वर्षाला एक लाख तीस हजार लिटर.

मी म्हणालो, झालं की काम! जुन्या ९११ला मरण नाही.

ती म्हणाली, "तीच वीज सरळ बॅटरीत भरली तर गाडी चार-पाच पट लांब जाते. आणि एक लाख तीस हजार लिटर म्हणजे तुझ्यासारखे दोनशे मामा वर्षभर फिरतील, बस."

दोनशे मामांच्या यादीत नंबर कसा लागेल या विचारात मी कॉफी संपवली.

चौथा दिवस : उत्तरेकडे, पावसात

आज ३०० किलोमीटर, आयफेलच्या डोंगरांकडे. ऑटोबानवर, म्हणजे जर्मन महामार्गांवर, वेगमर्यादा नाही असं ऐकून येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की निम्मा वेळ काम चालू असतं. मोकळ्या भागात १३० हा नुसता सल्ला आहे, सक्ती नाही. मी एकदा १७०ला नेला, तर हत्तीच्या आरशांशी वारा हुंदके देऊ लागला आणि भाचीने पुन्हा आकडा वाचायला सुरुवात केली. याच रस्त्यांवर १९७३च्या हिवाळ्यात तेल आटलं तेव्हा १००ची सक्ती होती, आणि चार रविवार खासगी गाड्यांना बंदीच. लोक ऑटोबानवर सायकली घेऊन आले होते.

हॉकेनहाइमला थांबलो. पूर्वी इथली शर्यत जंगलातून जायची, जवळजवळ सात किलोमीटरचा फेरा, झाडांच्या भिंतींमधून साडेतीनशेचा वेग. २००२मध्ये ट्रॅक आखूड केला आणि जंगलातलं डांबर उखडून तिथे झाडं लावली. आम्ही त्या पट्ट्यात चाललो. मोठी झाडं दोन्ही कडेला आणि मधे सरळ रेषेत वयाने लहान झाडांची रांग, भांगासारखी. पाऊस पानांवर पडत होता. इथे एके काळी दहा सिलिंडरच्या व्ही१० गाड्या किंचाळत गेल्यात हे माहीत नसतं तर नुसतंच एक ओलं रान. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही, याचं थोडं वाईट वाटलं.

पुढे पेट्रोल. ऑटोबानवरच्या पंपावर २.१० युरो, म्हणून बाहेर पडून गावात शिरलो, तिथे १.७२. इथे तेव्हा, २०२४ साली, भाव दिवसातून कितीतरी वेळा बदलत, सकाळी चढे, संध्याकाळी उतरलेले, आणि लोक मोबाइलवर भाव बघून पंप निवडत. भाचीने पावतीच्या मागे फोड केली. लिटरमागे ६५.४५ सेंट इंधनकर ठरलेला. कार्बनचा आकार त्या वर्षी, २०२४ला, टनाला ४५ युरो होता, म्हणजे लिटरला दहा-अकरा सेंट. सगळ्यावर १९ टक्के व्हॅट. १.७२मधला एक युरोहून जास्त सरकारचा.

"टनाला ४५ म्हणजे लिटरला दहा सेंट कसे? लिटरचं वजनच पाऊण किलो!"

इथे तिला वर्गात शिकवल्यासारखा आनंद झाला. पाऊण किलो पेट्रोलमध्ये कार्बन साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास. जळताना कार्बनचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू कवेत घेतो. बारा ग्रॅमचे चव्वेचाळीस होतात. म्हणून पाऊण किलो जाळलं की सव्वादोन किलोंच्या वर बाहेर पडतं. मी नोझल धरून उभा होतो, आकडे पळत होते, आणि पहिल्यांदाच मला धुराला वजन आहे असं वाटलं. पन्नास लिटरची टाकी. जवळजवळ एकशे वीस किलो धूर, सोडून द्यायचा तो.

२०२२च्या उन्हाळ्यात भाव भडकले तेव्हा सरकारने तीन महिने हा कर कमी केला होता. भाचीचा त्याला विरोध, जो जास्त जाळतो त्याला जास्त सूट म्हणून. मी म्हणालो, कामावर लांब जाणाऱ्या माणसाला जाळण्यावाचून इलाज नसतो. यावर आम्ही खरंच भांडलो, आडेनाऊ येईपर्यंत. तो हिशेब अजून बाकी आहे.

पाचवा दिवस : न्युर्बुर्गरिंग

१९२७मध्ये खुला झालेला, बेकारांना काम मिळावं म्हणूनही बांधलेला, जंगलातला २०.८ किलोमीटरचा नागमोडी ट्रॅक. फॉर्म्युला वनचा चालक जॅकी स्ट्यूअर्टने त्याला 'हिरवा नरक' म्हटलं. १ ऑगस्ट १९७६ रोजी इथल्या शर्यतीत बेर्गवेर्क वळणाच्या अलीकडे निकी लाउडाची गाडी पेटली. आज तिकीट काढलं की कोणीही जातं. कायद्याने तो एकेरी टोल रस्ता आहे. उजवीकडे राहा, डावीकडून ओलांडा, कठडा वाकवलात तर बिल तुमचं.

हत्तीला बाहेर बांधलं. ट्रॅकसाठी भाड्याने गाडी घेतली ती, हसू नका, सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट. आत लोखंडी पिंजरा, दोन सीट, मागचं सगळं काढलेलं. वजन हजार किलोंच्या आसपास. आयुष्यभर पोर्शेची स्वप्नं बघून हिरव्या नरकात मी स्विफ्ट घेऊन उतरलो.

वाहनतळावर एक पांढरी बीएमडब्ल्यू २००२ टर्बो उभी होती. पुढच्या पट्टीवर 'टर्बो' हे अक्षर उलटं, पुढच्याच्या आरशात सुलटं दिसावं म्हणून. ही गाडी १९७३च्या सप्टेंबरात दाखवली आणि काही आठवड्यांत तेलसंकट कोसळलं. १६७२ गाड्यांवर खेळ खलास. भाचीने मालकाला जर्मनमध्ये विचारलंच, किती पिते? म्हातारबाबा हसले. म्हणाले, वर्षाला आठशे किलोमीटर चालवतो, जेवढी पिते तेवढी पिऊ दे. मी तिच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. शौकाची गाडी फिरते किती? तिने खांदे उडवले, पण वहीत आकडा लिहून घेतला.

पहिला फेरा. हाट्झेनबाखची वळणं ओली होती. डावं संपायच्या आत उजवं. भाची शेजारी, हेल्मेटमधून फक्त डोळे. फुक्सरोरे म्हणजे कोल्ह्याचं बीळ, तिथे रस्ता खाली कोसळतो आणि तळाशी पोट सीटमध्ये दाबलं जातं. कारुसेलमध्ये चाकं काँक्रीटच्या खोलगट पन्हाळात घालायची. दात वाजतात, स्टिअरिंग जिवंत माशासारखं हातात तडफडतं, आणि गाडी मात्र रुळावर असल्यासारखी वळते. मोठ्या गाड्या सरळ रस्त्यावर मला चिलटासारखं मागे टाकून जात होत्या. वळणात मात्र एक जाडजूड एसयूव्ही, दुप्पट ताकदीची, ब्रेक तापवून चाचपडत चाललेली मी गाठली, आणि तिने उजवा दिवा दाखवून मला वाट दिली. स्विफ्टला! तो क्षण मी म्हातारपणी नातवंडांना सांगणार आहे.

एक ९११ जीटी३ गेली तिचा आवाज मात्र ऐकण्यासारखा होता. २०१८पासून युरोपात नव्या पेट्रोल गाड्यांच्या धुराड्यातही बारीक कणांसाठी फिल्टर येऊ लागले आणि आवाज मफलर गुंडाळल्यासारखा झाला, ही शौकिनांची जुनी तक्रार. भाची म्हणते, तुला संगीत आणि मला फुप्फुसं.

इथला आजवरचा सगळ्यात वेगवान फेरा पोर्शे ९१९ हायब्रिडच्या खास आवृत्तीचा. २९ जून २०१८, टिमो बेर्नहार्ड, ५ मिनिटं १९.५ सेकंद. हायब्रिड. वजन ८४९ किलो. मी हे दोन्ही शब्द भाचीला दोनदा ऐकवले. तिने विचारलं, "यातला तुझा शब्द कोणता आणि माझा कोणता?"

दोन फेऱ्यांनंतर टाकी भरली. साडेआठ लिटर. तिने लगेच गुणिले, वीस किलो धूर. मी मान खाली घातली. मग तिचं तिलाच राहवेना.

"तू इथे आलास त्या विमानाचा तुझ्या एकट्याचा वाटा येऊन-जाऊन टनाच्या वर आहे, मामा. सुट्टीला घरी येते तेव्हा माझाही."

थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग तिने हेल्मेट उचललं. दुसरी चालक म्हणून तिचं नाव तिने सकाळीच अर्जात लिहून ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मी कठड्याशी उभा राहिलो. साडेअकरा मिनिटांनी स्विफ्ट आत आली, दार उघडलं, ती बाहेर आली, केस चिकटलेले, गाल लाल. मी विचारलं, "किती देते?"

"गप्प बस," ती म्हणाली. हात अजून थरथरत होते.

सहावा दिवस : परत

पाऊस, बांधकाम, पुन्हा पाऊस. गाडी परत करण्याआधी टाकी काठोकाठ भरली. भाचीने पावती तिच्या वहीत चिकटवली, मी नको म्हणत असताना.

काउंटरवर तोच माणूस. गाडीभोवती एक चक्कर मारून ओरखडे बघितले, काही सापडलं नाही, सही घेतली. मोठी गाडी मिळाली, खूश ना? कशी होती?

"मोठी होती," मी म्हणालो.